फणांच्या छायेत बसलेले कोण?



गेल्या पर्युषणानंतरची गोष्ट. सायंकाळचे प्रतिक्रमण आटोपून मी नुकताच घरी आलो होतो, तोच भ्रमणध्वनीवर बँकॉकहून एक छायाचित्र आले. माझा भाचा रंगीत खड्यांच्या व्यापारात आहे. वर्षातून दोन-तीन वेळा त्याची तिकडे फेरी होते. छायाचित्रात हिरवट काळसर धातूची, वीतभर उंचीची एक मूर्ती होती. पद्मासन, मांडीवर एकावर एक ठेवलेले हात, मिटल्यासारखे डोळे, मस्तकी मुकुट, कानांत कुंडले आणि मागे उभारलेल्या सात फणा. खाली मजकूर होता : “मामा, पार्श्वनाथ प्रभूच आहेत ना? दुकानदार म्हणतो, कंबोडियातली आहे, आठशे वर्षांची. घरदेरासरासाठी न्यावी असे मनात आले आहे. उद्या दुपारचे विमान आहे. बयाणा देऊ का?”

मी आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणे पाहिली. तारण ठेवावयाची वस्तू कितीही देखणी असो, आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे : कागद आहेत का? परंतु या वेळी त्याच्याही आधी दुसरा प्रश्न उभा राहिला. फणांच्या छायेत बसलेले हे आहेत तरी कोण? सुदैवाने दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही उभयता ज्येष्ठांच्या एका यात्रेबरोबर सिएम रीपला जाऊन आलो होतो. पिशवीत खाकरे आणि भाजलेले मूग घेऊन गेलेल्या आमच्या मंडळीने त्या प्रदेशातील मंदिरे पाहण्यात पाच दिवस घालविले. तेव्हापासून या विषयाचे जे वाचन झाले, ते भाच्याच्या प्रश्नाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम भाच्याची बाजू मांडतो, कारण त्याची चूक सहज क्षम्य होती. पार्श्वप्रभूंवरील उपसर्गाची आणि धरणेंद्राने धरलेल्या छत्राची कथा आपल्या घरांतील मुलांना झोपताना ऐकायला मिळते. वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात आणि बदामीच्या चौथ्या गुहेत हा प्रसंग दगडात कोरलेला आहे. ती शिल्पे पाहिलेला माणूस सात फणांचे छत्र दिसताच हात जोडणारच. त्यातून छायाचित्रातील मूर्तीला मुकुट होता, कुंडले होती. श्वेतांबर मंदिरात आंगीने सजलेले प्रभू पाहत लहानाच्या मोठ्या झालेल्या आपल्या डोळ्यांना ते रूप परके वाटत नाही. परंतु ख्मेर शिल्पकलेत, विशेषतः बाराव्या शतकात, बुद्धाच्या मूर्तीलाच मुकुट आणि अलंकार घालण्याची प्रथा फार रुळली होती. भाच्याने पाठविलेले चित्र अशाच नागाच्छादित बुद्धाचे होते.

बौद्ध कथेप्रमाणे बोधिप्राप्तीनंतर काही आठवड्यांनी बुद्ध ध्यानस्थ असता अकाली वादळ उठले आणि सात दिवस पाऊस कोसळत राहिला. मुचलिंद नावाच्या नागराजाने आपल्या देहाचे वेढे बुद्धाभोवती घातले आणि मस्तकावर फणा धरली. वादळ शमल्यावर तो तरुणाचे रूप घेऊन समोर नमस्कार करून उभा राहिला. कथेत वेढे देहाभोवती आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. ख्मेर मूर्तिकाराला हे मान्य झाले नसावे, कारण वेढ्यांत गुरफटलेली मूर्ती दिसणार कशी? त्याने ते वेढे उचलून मूर्तीच्या खाली ठेवले आणि त्यांचे आसन केले. एकावर एक तीन वेटोळी, बहुधा खालचे लहान आणि वरचे मोठे, त्यावर ध्यानस्थ बुद्ध आणि पाठीमागून वर उठलेला नागाचा रुंद फणा, असा आकार दहाव्या शतकापासून पुढे सुमारे तीनशे वर्षे त्या देशात घडत राहिला. भारतात मुचलिंदाचा प्रसंग अमरावती आणि नागार्जुनकोंडा येथे कोरला गेला खरा, परंतु येथे तो अनेक प्रसंगांपैकी एक होता. ख्मेर राज्यात मात्र, आणि त्यातही सातव्या जयवर्म्याच्या काळात, हेच बुद्धाचे मुख्य रूप बनले.

म्हणून मी भाच्याला उत्तर धाडले : “आसन पाहा. खाली कमळ वा सिंहासन आहे, की सर्पाची वेटोळी? छातीवर श्रीवत्स आहे का? पीठावर लांछन आहे का? मस्तकावर उष्णीषाचा उंचवटा आणि खांद्यावर वस्त्राची कड दिसते का? तळहातावर लहानशी गोल वस्तू आहे का?” शेवटचा प्रश्न त्याला चमत्कारिक वाटला. परंतु ख्मेर नागबुद्धांपैकी काहींच्या तळहातावर एक छोटे पात्र वा फळासारखी वस्तू आढळते, आणि तिचा संबंध औषधांचा स्वामी मानलेल्या बुद्धाशी जोडला जातो. दहा मिनिटांत उत्तर आले : “वेटोळी तीन आहेत. श्रीवत्स नाही. मामा, म्हणजे हे आपले नव्हेत.”

“आपले नव्हेत” हे त्याचे शब्द मला थोडे टोचले. मूर्ती आपल्या संप्रदायाची नाही, एवढेच त्याला म्हणायचे होते. परंतु ती कोणाची आहे, हा प्रश्न तेवढ्याने सुटला नव्हता.

ज्या भूमीत ही मूर्ती घडली तेथे नाग हा देवाच्या मागे उभा राहणारा केवळ परिवार नाही. तो त्या लोकांचा मातुल मानला जातो, असे म्हटले तर चालेल. कंबोडियाची उत्पत्तिकथा अशी की भारतातून कौंडिन्य नावाचा ब्राह्मण समुद्रमार्गे तेथे आला आणि त्याने नागराजाची कन्या सोमा हिच्याशी विवाह केला. नागराजाने त्या भूमीवरील पाणी पिऊन टाकले, जमीन उघडी पडली, आणि तीच कन्येला आंदण मिळाली. आजच्या व्हिएतनाममधील मी सोन येथे सापडलेल्या इ. स. ६५८ च्या संस्कृत शिलालेखात कौंडिन्य आणि सोमा यांचा उल्लेख आहे, म्हणजे कथा निदान तेवढी जुनी आहेच. आजही ख्मेर विवाहात वर हा वधूच्या उपरण्याचे टोक हाती धरून तिच्या मागून चालतो. नागकन्येच्या मागोमाग नागलोकात गेलेल्या राजपुत्राची ती आठवण, असे आमच्या मार्गदर्शक तरुणाने सांगितले. त्याचे स्वतःचे लग्न नुकतेच झाले होते. भ्रमणध्वनीवरील छायाचित्र त्याने मोठ्या कौतुकाने दाखविले. जरीची वस्त्रे ल्यालेली वधू पुढे, आणि तिच्या उपरण्याचे टोक धरून तो मागे. आमच्या मंडळातील एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “आपल्याकडे गाठ बांधतात आणि नवरा पुढे जातो. हे बरे आहे.” सर्व हसले.

पाणी आणि नाग यांचे हे नाते त्या प्रदेशात पदोपदी दिसते. अंगकोरची सारी समृद्धी पाण्याच्या नियोजनावर उभी होती. पश्चिम बाराय या नावाचा तेथील तलाव सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून अधिक रुंद आहे. सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे बांध घालून तो उभारलेला. अशा देशात पाण्याचा रक्षक हा भूमीचाही स्वामी व्हावा हे स्वाभाविक होते. इ. स. १२९६-९७ मध्ये झोउ दागुआन नावाचा चिनी प्रवासी तेथे सुमारे वर्षभर राहिला होता. राजवाड्यातील सुवर्णाच्या मनोऱ्यात नऊ मस्तकांची नागिणी राहते, तीच राज्यातील भूमीची स्वामिनी, ती रात्री स्त्रीरूपाने प्रकट होते आणि राजाने प्रथम तिच्या भेटीस जावे लागते, अशी समजूत त्याने नोंदविली आहे. ज्या रात्री ती येणार नाही ती राजाच्या मृत्यूची खूण. राजाच गेला नाही, तर राज्यावर संकट. लोककथा म्हणून ती सोडून देता येईल. परंतु मला तिच्यात एक करारपत्र दिसते. जमीन नागाची, राजा तिचा केवळ कूळ, आणि रोजची हजेरी हा खंड.

मंदिरांत शिरावयाचे तर नागाच्या अंगावरूनच जावे लागते. बाकोंग येथील नवव्या शतकातील मंदिराच्या मार्गावर हे नाग प्रथम मोठ्या आकारात दिसतात. तेथे ते जमिनीलगतच पसरलेले आहेत, अंगाने जाड, काहीसे बोजड. पुढे अंगकोर वाटमध्ये, म्हणजे बाराव्या शतकात, तेच नाग आखूड खांबांवर उचलले गेले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे कठडे झाले. महाद्वारापासून मंदिराकडे जाणारा सुमारे साडेतीनशे मीटरचा दगडी रस्ता आम्ही या कठड्यांमधून चाललो. जेथे जेथे पायऱ्या उतरतात तेथे नाग मान उभारतो आणि सात फणांचा पंखा उघडतो. हा कठडा म्हणजे इंद्रधनुष्य, मनुष्यलोक आणि देवलोक यांना जोडणारा पूल, असे काही विद्वानांनी म्हटले आहे. फणांची संख्या पाच, सात वा नऊ अशी बहुधा विषम असते. आपल्याकडेही सुपार्श्वनाथांच्या पाच आणि पार्श्वनाथांच्या सात फणा विषमच, याची त्या वेळी आठवण झाली. परंतु अशा साम्यांवर मोठे निष्कर्ष उभारण्याचा मोह टाळावा. सर्पाची पूजा करणारे समाज अनेक, आणि फणा मोजणारेही अनेक.

अंगकोर वाटच्या पूर्वेकडील भिंतीवर समुद्रमंथनाचा सुमारे एकोणपन्नास मीटर लांबीचा शिल्पपट आहे. एका बाजूस ९२ असुर, दुसऱ्या बाजूस ८८ देव, मध्ये विष्णू, आणि त्या सर्वांच्या हातांत दोरीसारखा ताणलेला वासुकी. मी त्या भिंतीपुढे बराच वेळ उभा होतो. खाली पाण्यात मासे आणि मगरी आहेत, आणि मंदर पर्वताजवळच्या भोवऱ्यात सापडलेल्यांचे तुकडे झाले आहेत, तेही मूर्तिकाराने सोडले नाही. हाच देखावा सातव्या जयवर्म्याने अंगकोर थोम नगरीच्या वेशींपुढे पूर्ण आकाराच्या मूर्तींनी उभा केला. वेशीपुढील खंदकावरच्या मार्गाच्या एका हाताला ५४ देव, दुसऱ्या हाताला ५४ असुर, आणि सर्वांच्या बाहूंत प्रचंड नाग. एकूण १०८, आपल्या माळेच्या मण्यांइतके. मार्गदर्शकाने सांगितले, यांतील अनेक मस्तके नवी आहेत. जुनी कोणी कापून नेली, आणि जी उरली ती सुरक्षिततेसाठी भांडारात ठेवली. ते ऐकल्यावर मी त्या रांगेकडे पुन्हा पाहिले, आणि नवा दगड कुठला, जुना कुठला, हेच शोधू लागलो.

नागांचे सर्वांत शांत रूप मला निआक पोआन येथे दिसले. बाराव्या शतकाच्या अखेरीस एका मोठ्या जलाशयाच्या मधोमध हे छोटे मंदिर बांधले गेले. चौकोनी कुंडाच्या मध्यभागी वर्तुळाकार चौथरा, आणि त्याला वेढून बसलेले दोन नाग. पश्चिमेस त्यांची शेपटे एकमेकांत गुंतलेली आहेत, पूर्वेस मस्तके थोडी दूर ठेवली आहेत, जणू येणाऱ्यास वाट दिली आहे. मुख्य कुंडाच्या चारही बाजूंना लहान कुंडे असून हत्ती, घोडा, सिंह आणि मनुष्य यांच्या मुखांतून त्यांत पाणी पडे. हिमालयातील अनवतप्त सरोवराची ही प्रतिकृती मानली जाते, आणि येथील पाण्याने रोग बरे होतात अशी श्रद्धा होती. ज्या राजाने हे बांधविले त्याच्या ता प्रोह्म येथील ११८६ च्या शिलालेखात राज्यातील १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे. आपल्या जवाहिऱ्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट : त्याच शिलालेखात मंदिराच्या मालमत्तेची यादी असून तीत ३५ हिरे, ४०,६२० मोती आणि ४,५४० रत्ने मोजून लिहिली आहेत. तपासणी अधिकाऱ्यास यापेक्षा नीटस साठापत्रक मिळणे कठीण.

आता धातूच्या मूर्तींकडे वळतो. त्यांची पद्धत आपल्याकडील मूर्तिकारांचीच, म्हणजे मेणाची. आधी मूर्ती मेणात घडवायची, तीवर मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत तांबे व कथील यांचा वितळलेला रस ओतायचा. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक मूर्ती एकटीच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात हा विधी तपशिलाने दिलेला आहे. ख्मेर कारागीर त्याच सुमारास हेच काम राजाच्या देखरेखीखाली करीत होते. अंगकोर थोममधील राजवाड्याच्या परिसरात कांस्य ओतण्याच्या कार्यशाळेचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. नाग तेथे केवळ मूर्तीच्या पाठीशी नव्हता. राजाच्या पालखीच्या दांड्यांची टोके, झोळी अडकविण्याचे आकडे आणि कड्या यांवरही फणा उभारलेले नाग ओतलेले सापडतात. आणि नागासनस्थ बुद्ध मध्ये, एका बाजूस लोकेश्वर व दुसऱ्या बाजूस प्रज्ञापारमिता, अशी हातात मावतील एवढी लहान त्रिमूर्ती तर त्या काळात घरोघर असावी, इतक्या संख्येने ती आढळते.

सर्वांत मोठ्या कांस्यमूर्तीची कथा मात्र पाण्यातील आहे. पश्चिम बारायच्या मधोमध एका बेटावर मंदिर होते. १९३६ मध्ये जवळच्या एका ग्रामस्थाने सांगितले की तेथे एक बुद्ध गाडलेला असून तो आपणास सोडविण्याची विनंती करीत आहे, असे त्याला स्वप्न पडले. खणल्यावर बुद्ध सापडला नाही. सापडला तो अनंतशयनी विष्णू, अकराव्या शतकातील, पूर्ण असता पाच मीटरहून अधिक लांब भरला असता एवढा. मिळाले ते मस्तक, खांदे आणि दोन उजवे हात, शिवाय अनेक लहान तुकडे. भुवया, डोळे आणि मिशा यांच्या जागी खोबण्या आहेत. त्यांत मौल्यवान जडाव होता, तो कधीच गेला. झोउ दागुआनाने तलावाच्या मध्यभागी नाभीतून पाणी वाहणारा, पहुडलेला कांस्यबुद्ध असल्याचे लिहिले होते. तो हाच विष्णू असावा, आणि प्रवाशाने देवही चुकीचा ओळखला आणि तलावाची दिशाही, असे मानले जाते. माझ्या भाच्याला मी हे मुद्दाम कळविले. सातशे वर्षांपूर्वीच्या चिनी प्रवाशाचीही ओळख पटविण्यात गल्लत झाली, मग त्याने फार वाईट वाटून घेऊ नये. हीच मूर्ती तपासणी व दुरुस्तीसाठी फ्रान्सला नेण्यात आली आणि २०२५ मध्ये पॅरिसच्या गिमे संग्रहालयात प्रदर्शनात मांडली गेली. जाताना तिच्याबरोबर सरकारी करार होता, हे लिहिण्याची खरे म्हणजे गरज पडू नये.

पडते, कारण बहुतेक मूर्ती तशा गेल्या नाहीत.

१९७० पासून जवळजवळ तीन दशके तो देश युद्धात होरपळला. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत लक्षावधी माणसे मेली. त्या अंधारात आणि त्यानंतरही मंदिरांतील मूर्ती घणाने तोडल्या गेल्या, बैलगाड्यांतून सीमेपलीकडे गेल्या आणि तेथून लंडन, न्यूयॉर्क येथील संग्राहकांच्या दिवाणखान्यांत पोचल्या. को केर येथील एका मंदिरात चोरांनी मूर्ती घोट्याशी तोडून नेली, पाऊले चौथऱ्यावरच राहिली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दुर्योधनाची जी मूर्ती विक्रीस निघाली, तिचे घोटे या पाउलांशी जुळले. विक्री थांबली, खटला झाला आणि २०१४ मध्ये मूर्ती स्वदेशी परतली. बँकॉकमध्ये राहणारे डग्लस लॅचफोर्ड हे ख्मेर कलेचे नामांकित जाणकार समजले जात. ख्मेर कांस्यमूर्तींवरील एका भारदस्त ग्रंथावर सहलेखक म्हणून त्यांचे नाव आहे. मूर्तींच्या मालकीचा खोटा पूर्वेतिहास तयार केल्याचा आरोप त्यांच्यावर २०१९ मध्ये अमेरिकेत ठेवण्यात आला. खटला चालण्यापूर्वीच २०२० मध्ये ते वारले, त्यामुळे निकाल लागला नाही. पुढे त्यांच्या कन्येने संग्रह कंबोडियास परत करण्याचे ठरविले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२३ मध्ये चौदा मूर्ती परत देण्याचे जाहीर केले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २०११ मध्ये सुमारे १५ लाख अमेरिकी डॉलर मोजून घेतलेल्या तीन कांस्यमूर्तीही त्याच वर्षी कंबोडियाच्या म्हणून मान्य केल्या. एवढ्या मोठ्या संस्था, त्यांचे कायदेतज्ज्ञ, त्यांचे अभ्यासक. आणि तारण मात्र सदोष निघाले! स्थावर मालमत्तेवर कर्ज देताना आम्ही मागील तीस वर्षांचा मालकीचा शोध घ्यावयास लावीत असू. मधला एक दुवा गळला तर प्रकरण परत पाठवीत असू. मूर्तीच्या बाबतीत मात्र ‘एका युरोपीय गृहस्थाच्या संग्रहातून’ एवढे वाक्य वर्षानुवर्षे पुरेसे ठरले.

सर्व दुवे हरवलेच होते असे नाही. दक्षिण थायलंडमधील छैया येथे सापडलेला कांस्याचा एक नागासनस्थ बुद्ध बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या पीठावर ख्मेर भाषेत लेख आहे. ग्रही नावाच्या प्रदेशाच्या अधिकाऱ्याने राजाज्ञेवरून ही मूर्ती करविली, धातूचे वजन एक भार दोन तुळा, आणि सजावटीच्या सोन्याचे मोल दहा तामलिन, असा त्याचा आशय आहे. शकाचा आकडा कोरणाऱ्याने चमत्कारिक पद्धतीने लिहिल्यामुळे वाद झाले, सामान्यतः ११८३ हे वर्ष धरतात. वरील बुद्ध नागापेक्षा नंतरचा असावा, असेही काही अभ्यासक शैलीवरून म्हणतात. तरीही कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, किती वजनाचे, किती सोन्याचे, हे आठशे वर्षांनी वाचता येते. माझ्यासारख्याला तो लेख मूर्तीइतकाच सुंदर वाटतो.

आपल्या पंचधातूच्या जिनप्रतिमांना ही सवय जुनीच आहे. पश्चिम भारतातील मध्ययुगीन धातुप्रतिमेच्या पाठीवर बहुधा संवत्, तिथी, करविणाऱ्याची ज्ञाती व कुटुंबातील नावे, कोणाच्या श्रेयासाठी करविली ते, आणि प्रतिष्ठा करणाऱ्या आचार्यांचे नाव कोरलेले असते.

हे सारे मी भाच्याला त्या रात्री थोडक्यात सांगितले आणि शेवटी लिहिले : “मूर्ती बुद्धाची आहे, आणि थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर नेण्यास तेथील ललितकला विभागाचा परवाना लागतो. दुकानदाराकडे तो माग. कंबोडियातून ती कधी, कोणत्या कागदावर आली, तेही विचार.” सकाळी त्याचा फोन आला. आवाजात किंचित चीड होती. दुकानदाराने परवाना नको म्हणून सांगितले होते. पावतीवर तो ‘शोभेची नवी वस्तू’ असे लिहून देणार होता, म्हणजे विमानतळावर अडचण येणार नाही.

“मग?” मी विचारले.

“मग मी म्हटले, काल आठशे वर्षांची होती, आज नवी कशी झाली? नवी असेल तर मला किंमत फसवी सांगितली. जुनी असेल तर पावती फसवी आहे. दोन्हींतले एक तरी खोटे आहे, आणि दोन्ही तुमच्याच तोंडचे.” खड्यांच्या व्यापारातला मुलगा. माणिक तापवलेले आहे की नैसर्गिक, याचा दाखला मागितल्याशिवाय पुडी उघडत नाही. मूर्तीपुढे मात्र भावनेने क्षणभर त्याचाही हात खिशाकडे गेला होता. आणि एवढ्या वर्षांची बँकेची सवय नसती, तर मीही कदाचित “घेऊन ये” म्हणालो असतो, हे कबूल केले पाहिजे. बयाणा दिला गेला नाही. दुकानदाराने नंतर दोनदा किंमत उतरवून निरोप धाडला, परवान्याविषयी काही लिहिले नाही.

पौष दशमीला आम्ही दोघे पूजेच्या वस्त्रांत आमच्या जुन्या देरासरात गेलो होतो. गाभाऱ्यात पार्श्वप्रभूंची वीतभर उंचीची धातुप्रतिमा आहे. लहानपणापासून मी तिच्या केवळ मुखाकडे पाहत आलो. पक्षालाच्या वेळी भाच्याने प्रथमच तिच्या पाठीकडे वाकून पाहिले. शतकानुशतकांच्या केशर-जलाने अक्षरे झिजली आहेत. त्याला ‘संवत्’ आणि ‘श्रेयसे’ एवढी दोनच लागली. उरलेली वाचण्यासाठी तो खडे पाहण्याचे भिंग घेऊन पुन्हा येणार आहे. ट्रस्टींची परवानगी त्याने आधीच मागून ठेवली आहे.